कविता अडली की भावना बाजूला ठेवा आणि अक्षरं मोजायला घ्या

"काही सुचतच नाहीये हो" असं म्हणणाऱ्या कवींना मी एकच विचारतो, शेवटचं काय लिहायला बसला होतात? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. आईवर लिहायचं होतं, ब्रेकअपवर, सुटलेल्या गावावर, एकटेपणावर. म्हणजे विषय होता, भावना तर पोत्याने होती आणि तरीही कागद कोरा. मग अडलं कुठं?

माझं मत सरळ आहे आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही. भावना जितकी मोठी तितकी तिच्यापासून कविता सुरू करणं अवघड. कारण मोठ्या भावनेला आधीच वापरून गुळगुळीत झालेले शब्द येऊन चिकटतात, ते आपल्यालाच कुठंतरी खोटे वाटतात आणि हात थांबतो. त्यापेक्षा हाताला लागेल अशा छोट्या गोष्टीपासून सुरू करावं, एखादी वस्तू, एखादा आवाज, नाहीतर सरळ मोजून सहा अक्षरं. भावना मागून येते, तिला आमंत्रण लागत नाही. पुढे जे काही सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे हेच पटत नसेल तर पुढचं वाचायची सक्ती नाही.

आधी काय अडलंय ते बघा

सगळ्यांचं अडणं सारखं नसतं. काहींना सुरुवातच होत नाही, पहिली ओळ येत नाही. काहींच्या पहिल्या चार ओळी झकास येतात आणि मग गाडी रुतते, मोबाईलच्या नोट्समध्ये असे अर्धवट तुकडे पडून असतात. आणि तिसरे म्हणजे लिहितात, पूर्ण पण करतात, पण वाचलं की डिलीट करतात. पहिल्यांनी वस्तू, ओवी आणि अभंगाच्या भागावर जोर द्यावा, दुसऱ्यांनी थेट अर्धवट कवितांच्या भागाकडे जावं. तिसऱ्यांना एवढंच सांगणं की लिहिणं आणि तपासणं एकाच बैठकीत करू नका. आज लिहा, वही मिटा, परवा उघडा. लिहितानाच शेजारी समीक्षक बसवला तर कोण लिहील?

अजून एक प्रकार आहे आणि तो कवितेचा नाहीच. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन रमत नाही आणि हे कित्येक आठवडे चाललंय, असं असेल तर व्यायाम-बियाम बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. "दुःखातूनच कविता येते" वगैरे ऐकत बसू नका.

काही शब्दांना सुट्टी द्या

ही पहिली पायरी, आणि सगळ्यात जास्त चिडचिड हिच्यावरच होते. आपल्या जुन्या दहाएक कविता काढा, आणि जो शब्द दोनपेक्षा जास्त कवितांमध्ये सापडेल त्याची यादी करा. बहुतेकांच्या यादीत काय निघतं ते मी न बघता सांगू शकतो: मन, श्वास, आठवण, चांदणं, पाऊस, प्राजक्त, अबोल, हळवं, वेदना, आसवं, क्षितिज. या शब्दांत वाईट काही नाही, त्यांनी फार मोठं काम केलेलं आहे, पण आत्ता तुमच्याकडे ते आपोआप येतायत आणि आपोआप येणारा शब्द तुम्हाला विचारच करू देत नाही. महिनाभर ते बंद. पाऊस लिहायचाच असेल तर पागोळ्या लिहा, पत्र्याचा आवाज लिहा, न वाळणारे कपडे आणि त्यांचा कुबट वास लिहा, बाल्कनीत बांधलेली जादाची दोरी लिहा.

गंमत अशी की बंदी घातल्यावर पहिले काही दिवस अजूनच काही सुचत नाही. घाबरू नका, तिथेच खरं काम सुरू होतं.

स्वयंपाकघरात जा आणि भांड्यांवरची नावं वाचा

हा माझा सगळ्यात आवडता उपाय आहे, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. आहेर दिलेलं पातेलं, डबा, तांब्या, त्यावर मशीनने टिकटिक करत कोरलेलं नाव, कुणाकडून, कशानिमित्त, कधीकधी तारीख पण. घरातली पाच-सहा जुनी भांडी काढा आणि त्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या, कानामात्रेच्या चुकांसकट. नाव घालणाऱ्याने वेलांटी चुकवलेली असते, ती पण ठेवा.

मग प्रत्येक भांड्यापुढे तीनच गोष्टी लिहा. हे कुणी दिलं, आता त्यात काय ठेवलेलं असतं, आणि देणारं माणूस आता कुठं आहे. उपमा नको, अलंकार नको, फक्त माहिती. वास्तुशांतीला मामांनी दिलेल्या डब्यात आता बटणं आणि सेफ्टी पिना आहेत, मामांशी बोलणं बंद आहे. झालं. एवढ्यात कविता आहे की नाही ते मला विचारू नका, तुम्हालाच दिसेल. "नाती दुरावली" असं लिहून जे कधीच जमलं नसतं ते त्या डब्यातल्या सेफ्टी पिनांनी करून टाकलेलं असतं.

भांडीच पाहिजेत असं नाही. रेशनकार्डावरची खोडलेली नावं, जुन्या लग्नपत्रिकेच्या तळाशी "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" म्हणणाऱ्या पोरांची यादी, औषधाच्या दुकानाची बिलं, एसटीचं पाकिटात राहून गेलेलं तिकीट, सोसायटीच्या नोटीस बोर्डावरची थकबाकीदारांची यादी. जिथं जिथं नावं आणि तारखा आहेत तिथं जा. आणि तुमच्या कामाचे शब्द विसरू नका. बँकेत असाल तर तारण, जामीनदार, बुडीत खातं, वीज कंपनीत असाल तर फॉल्ट, फीडर, भारनियमन. हे शब्द कवितेत चालत नाहीत असं कुणी सांगितलं? नारायण सुर्व्यांनी गिरणीतली, कामगारवस्तीतली भाषा कवितेत आणलीच की.

परदेशात असाल आणि "आता मराठी शब्दच आठवत नाहीत" ही तक्रार असेल तर घरी फोन लावा, पण हालहवाल विचारू नका, एखादी कृती विचारा. सांडगे कसे घालायचे, गोधडी कशी शिवायची, आजोबा नांगराच्या भागांना काय काय म्हणायचे. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. अर्ध्या तासात तुमच्याकडे असे पंधरा-वीस शब्द येतात जे तुम्ही लहानपणी ऐकलेत आणि मोठेपणी एकदाही वापरले नाहीत. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी असेल ती बोली तशीच ठेवा, तिला इस्त्री करू नका.

वही बंद, तोंडाने रचा

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं हे आपण शाळेत शिकतो आणि सोडून देतो, पण कवीने यावर जरा थांबायला हवं. खानदेशातली शेतात राबणारी बाई, हात कामात, आणि तोंडाने ओळी चाललेल्या. त्या ओळी मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या, आणि पुस्तक निघालं 1952 साली, त्या गेल्याच्या नंतरच्या वर्षी. म्हणजे कोऱ्या कागदाची भीती हा प्रकारच तिथं नव्हता, कारण कागदच नव्हता.

जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून बायकांकडून या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. आधी त्या ऐका, नुसत्या वाचू नका. दोन गोष्टी लगेच लक्षात येतील. एक म्हणजे ओवी कुणाला तरी उद्देशून असते, बाईला, भावाला, आईला, विठ्ठलाला, नाहीतर जात्यालाच. दुसरं म्हणजे तिची पहिली ओळ बऱ्याचदा अगदी साधी असते, नुसती जागा सांगणारी, माणूस सांगणारी, आणि खरी गोष्ट दुसऱ्या ओळीत येते.

आता हे आपण कसं वापरायचं? भांडी घासताना, चालताना, पोळ्या लाटताना, दोन ओळी तोंडाने रचायच्या. पहिल्या ओळीत फक्त समोर दिसतंय ते, आणि कुणालातरी हाक. दुसऱ्या ओळीत त्या माणसाला जे सांगायचं राहिलंय ते. जमली की फोनच्या रेकॉर्डरवर बोलून टाका, नाही जमली तर सोडून द्या, पुढची. टाइप करायचं नाही, तो मोह टाळायचाच, कारण स्क्रीनवर ओळ दिसली की आपण ती लगेच सजवायला लागतो. संध्याकाळी बसून ऐका. चाल नसलेल्या ओळी तोंडात अडखळतात, त्या कळतात लगेच. ज्यांना लोकांमध्ये पुटपुटायची लाज वाटते त्यांनी कानात इअरफोन घालावा, फोनवर बोलतोय असं वाटतं लोकांना.

अभंगाचा साचा: सहा, सहा, सहा, चार

आता कागदावर या. मोठ्या अभंगाचा हिशोब एकदम सोपा आहे. एका कडव्यात चार चरण, पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. अक्षरं मोजायची, मात्रा नाही, जोडाक्षर एकच धरायचं. तुकोबांचं सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण घ्या: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. बोटांवर मोजा, सहा, सहा, सहा, चार, आणि विटेवरी-कटावरी हे यमक. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात, तो पण करून बघा, पण अडलेल्या माणसाला मोठा अभंग जास्त कामाचा वाटतो मला, कारण तो चौथा चार अक्षरांचा आखूड चरण तुम्हाला बडबड करूच देत नाही.

विषय देवाचा नको. मुद्दाम रोजचा घ्या. समजा रात्री गॅस सिलिंडर संपला. पहिला चरण सरळ बातमी: "गॅस संपलेला", सहा झाली. दुसरा: "रात्र झाली फार", सहा. आता तिसऱ्याला "फार"शी जुळणारं यमक पाहिजे, मग डोक्यात चक्र सुरू होतं, चार, वार, गार, भार, दार. दार! रात्री गॅस संपल्यावर दार कुणाचं, तर शेजारचं. "शेजारचे दार", सहा. चौथ्यात चारच अक्षरं, "वाजवू का?" कडवं झालं.

गॅस संपलेला
रात्र झाली फार
शेजारचे दार
वाजवू का?

इथपर्यंत ही नुसती गंमत आहे. पण तो प्रश्न बघा. वाजवू का असं का विचारतोय हा माणूस, शेजारी तर आहेत, मग अडचण काय? म्हणजे काहीतरी बिनसलंय. आणि दुसरं कडवं तिकडे सरकतं:

त्यांच्याकडे आता
बोलणेच नाही
आमच्याही काही
चुका होत्या

बसताना शेजाऱ्यांच्या भांडणाचा विचार डोक्यात नव्हता, पश्चात्ताप तर अजिबात नव्हता, यमकाच्या शोधात दार सापडलं आणि दारामागे ती माणसं निघाली. मी वर म्हटलं ना, भावना मागून येते, ते हे असं. "मी आज पश्चात्तापावर कविता लिहिणार" म्हणून बसलो असतो तर पहिल्याच ओळीत अपराधी मन वगैरे आलं असतं.

तुम्ही करताना एक पथ्य पाळा. यमकाचे शब्द आधी कडेला लिहून काढा, दहा तरी, आणि पहिले तीन सोडून द्या, कारण पहिले तीन सगळ्यांनाच सुचतात. बाकीच्यांतला एखादा घ्या जो विषयाशी फटकून वागतोय.

लगागा लगागा

अक्षरं मोजायची सवय लागली की वृत्ताला हात घाला, घाबरण्यासारखं काही नाही त्यात. ह्रस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू, स्पष्ट उच्चाराचा अनुस्वार असेल तर गुरू, आणि पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल तर मागचं ह्रस्व पण गुरू. "सत्य" म्हणताना स वर जोर येतो म्हणून स गुरू, "तुझ्या" म्हणताना तु वर तसा येत नाही म्हणून तु लघुच. बास, एवढ्यावर सुरुवात होते.

भुजंगप्रयात पहिलं घ्या कारण ते तुमच्या कानात लहानपणापासून बसलेलं आहे. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत: मना सज्जना भक्तिपंथेचि जावे. लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू), बारा अक्षरं. आता या चालीत उगाच, अर्थाची फिकीर न करता बोलत राहा, अगदी घरातल्या गोष्टी. "दुपारी घरी कोण येणार आहे" हे लगागामध्ये बसतं, म्हणून बघा. "कुणाच्या तरी चप्पला ठेवलेल्या" हे पण बसतं. दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, शेजारी ठेवल्या आणि घरात कोणीतरी येऊन बसल्यासारखं झालं. वृत्ताचा फायदा हाच की मेंदूचा तपासनीस अक्षरं मोजण्यात गुंततो आणि त्याचं लक्ष नसताना बाकीचं काहीबाही आत घुसतं.

गझलेत हेच काम काफिया, म्हणजे यमकाचा शब्द, करतो. आनंदकंद घ्या, गागाल गालगागा असं दोनदा. "गाडी निघून गेली, हातात हात नाही" ही एक ओळ, "आहे फलाट जागा, डोळ्यांत रात नाही" ही दुसरी, म्हणजे मतला, गझलेचा पहिला शेर, झाला, "नाही" हा रदीफ, म्हणजे शेवटी तसाच परत येणारा शब्द, आणि हात-रात हे काफिये. आता उरलेले काफिये लिहून काढा: वात, गात, जात, सात, दात, घात, भात. प्रेमाची गझल चाललेली असताना भात कुठून आला म्हणून तुम्ही तो खोडणार, तर खोडू नका. "आहे चुलीत वारा, ताटात भात नाही." स्टेशनवरून आपण थेट एका चुलीपाशी आलो. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र असतो त्यामुळे अशी उडी चालते, आणि अडलेल्या माणसाला हीच सूट सगळ्यात जास्त उपयोगी पडते, एका शेरात काही जमलं नाही तर दुसऱ्यात विषय बदलून टाका. ज्यांना वृत्तांमध्ये खोल जायचंय त्यांनी माधव जूलियनांचं 'छंदोरचना' मिळवावं, जाड आहे, सलग वाचायचं पुस्तक नाही ते, लागेल तसं उघडायचं.

"पण मी मुक्तछंदात लिहितो, मला हे कशाला?" असा प्रश्न येतोच. अहो, वृत्तात छापायचं कुणी सांगितलंय? ओळ मिळवायला वृत्त वापरा, मिळाली की वृत्त मोडून टाका.

मित्रमंडळींसोबत करायचं असेल तर समस्यापूर्ती हा जुना खेळ आहे. एकाने शेवटची ओळ द्यायची, जितकी चमत्कारिक तितकी चांगली, आणि बाकीच्यांनी त्या ओळीपर्यंत पोचायचं. आणि अगदीच मूड नसेल तर उखाणे रचा. नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव नको, ज्या माणसाचा राग येतो त्याचं नाव घ्या. हसू येईल, पण हात सुटतो.

शब्दकोशात भटका

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची आहे, तो आता ऑनलाइन फुकट उपलब्ध आहे, आणि बृहद्कोश या साइटवर तर मोल्सवर्थ, दाते असे बरेच कोश एकत्र शोधता येतात. कुठलंही पान उघडा आणि तीन शब्द उचला: एक माहीत असलेला, एक अर्धवट माहीत असलेला, एक कधीच न ऐकलेला. तिन्ही एका कवितेत आले पाहिजेत. न ऐकलेला शब्द मिरवायला नाही वापरायचा हं, नाहीतर ती कविता प्राचीन वस्तूंचं प्रदर्शन होते. तो शब्द ज्या कामाचा, ज्या वस्तूचा आहे तिथपर्यंत जायचं, आणि पक्क्या खर्ड्यात गरज नसेल तर काढून टाकायचा.

एकच जागा, रोज

कवी अरुण कोलटकर मुंबईत काळा घोडा भागातल्या वेसाइड इन या हॉटेलात नेमाने बसायचे, आणि खिडकीबाहेरचा तो चौक, तिथली भटकी कुत्री, फुटपाथवरची माणसं, इडल्या घेऊन येणारी बाई, या सगळ्यातून अख्खा इंग्रजी संग्रह उभा राहिला, 'काळा घोडा पोएम्स', जो 2004 मध्ये आला. फिरायला हिमालयात जावं लागत नाही एवढंच मला यातून घ्यायचंय. तुमची जागा एसटी स्टँडवरचा बाक असेल, बिल्डिंगची गच्ची असेल, लोकलचा ठरलेला डबा असेल. तीच जागा, साधारण तीच वेळ, आणि रोज फक्त एकच गोष्ट लिहायची जी काल तिथं नव्हती. कविता नाही, एक ओळ, तारखेसकट. एवढं पुरे.

अर्ध्यात अडलेल्या कवितांसाठी

आता ज्यांच्या नोट्समध्ये तुकडे साठलेत त्यांच्याबद्दल. अर्धवट कविता बहुतेक वेळा पुढे काय लिहायचं या प्रश्नाने अडत नाही, मागे काहीतरी चुकीचं लिहिलंय म्हणून अडते. त्यामुळे पुढे ढकलायचा प्रयत्न करू नका, मागे जा.

पहिलं, वरच्या दोन-तीन ओळी झाकून वाचा. आपण कवी लोक सुरुवातीला घसा साफ करतो, वातावरणनिर्मिती करतो, संध्याकाळ होत होती, वारा सुटला होता वगैरे. कविता खरी सुरू होते तिसऱ्या नाहीतर चौथ्या ओळीला. तिथून सुरू करा, बऱ्याचदा पुढचा रस्ता लगेच दिसतो.

ते करूनही हलली नाही तर माणूस बदला. "मी" आहे तिथं "ती" करा, "तू" आहे तिथं "तुम्ही" करा. हे व्याकरणाचं वाटतं पण याने फार फरक पडतो. वडिलांना "तुम्ही" म्हणणारी कविता आणि "तू" म्हणणारी कविता, दोन वेगळी घरं आहेत ती. काळ पण बदलून बघा. "तो निघून गेला" आणि "तो निघालाय", दुसऱ्यात अजून काहीतरी घडू शकतं, म्हणून पुढची ओळ येते.

मग सगळी कविता गद्यात सांगा, मोठ्याने, समोर कोणीतरी आहे असं समजून, "त्याचं काय झालं, की..." अशी. सांगताना जिथं तुमचा आवाज बदलतो, जिथं तुम्ही थांबता किंवा पटकन पुढे सरकता, तिथं बोट ठेवा. तुम्ही जे टाळताय ते तिथं आहे, आणि अडलंय पण तिथंच. ही पायरी थोडी जड जाते, काहींना लिहावंसं वाटत नाही ते आणि ते ठीकच आहे. सगळंच कवितेत यायला पाहिजे असा काही कायदा नाही.

शेवट जमत नसेल तर संदेश द्यायचा प्रयत्न चाललाय का ते बघा. संमेलनांच्या स्टेजमुळे आपल्याला शेवटच्या ओळीला टाळी घ्यायची सवय लागलेली आहे, सगळी कविता त्या एका ओळीसाठी रांगत जाते, आणि ती ओळ सापडली नाही की कविता पडून राहते. टाळीची ओळ नकोच असं ठरवून टाका. तिच्या आधीच्या ओळीवर थांबलं तर काय होतं ते बघा.

आणि काही तुकडे तुकडेच असतात. चार ओळींत काम झालेलं असेल तर उगाच पाणी घालून सोळा करू नका. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, तीन ओळींत भागतं की तिथं.

याशिवाय एक शांत काम म्हणजे अनुवाद. हिंदी, कन्नड, कोकणी, इंग्रजी, जी दुसरी भाषा येत असेल त्यातली एखादी आवडती कविता मराठीत करून बघा, फक्त स्वतःसाठी, कुठं टाकायची नाही. विषय शोधायची कटकट नाही, भावना आयती आहे, तुम्हाला फक्त शब्दांशी झटायचंय. स्वतःचं काही येत नसेल तेव्हा हात चालता राहतो.

ग्रुपवर टाकणं थांबवा

व्हॉट्सअप ग्रुपवर "आजचा विषय" येतो, त्यावर तासाभरात शंभर कविता पडतात, प्रत्येकीला तेच वाह वाह आणि तेच टाळ्यांचे इमोजी. सरावाला विषय घ्या, माझी हरकत नाही, पण कविता तिथं लगेच टाकू नका. कौतुक मिळालं की कविता संपली असं आपलं मन धरतं, आणि मग तिच्यावर पुढे काम होत नाही. अंगठा आला नाही तर दिवस खराब, तो वेगळाच. त्याऐवजी एक वाचक शोधा, एकच, जो "छान आहे" म्हणणार नाही, आणि त्याला "कशी वाटली" असं विचारू नका. विचारा, की कुठल्या ओळीला तुझं लक्ष उडालं? याचं उत्तर लोक खरं देतात.

तारीख लावून घ्या

मूडवर सोडलेली कविता पुढच्या वर्षावर जाते, म्हणून बाहेरची एखादी तारीख असू द्या. आपल्याकडे त्यासाठी दिवाळी अंकांसारखी दुसरी सोय नाही. अंक येतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पण साहित्य मागवायला सुरुवात पावसाळ्यातच होते आणि गणपतीच्या आसपास बऱ्याच ठिकाणी दार बंद होत आलेलं असतं. म्हणजे जूनमध्ये दोन-तीन अंक निवडा, गेल्या वर्षीचे त्यांचे अंक लायब्ररीत जाऊन चाळा, ते कुठल्या प्रकारची कविता छापतात ते बघा, आणि जुलैअखेरची तारीख कॅलेंडरवर गॅस बुकिंगच्या शेजारी लिहून ठेवा. पाठवताना तीन-चार कविता, युनिकोडमध्ये टाइप केलेल्या, ईमेलमध्येच, वहीचा फोटो काढून नाही आणि पार्श्वभूमीला गुलाबाचं चित्र असलेली इमेज तर अजिबात नाही. सोबत दोन ओळींची ओळख पुरे, मिळालेल्या पुरस्कारांची यादी नको. एक कविता एका वेळी एकाच अंकाकडे, आणि कुठली कविता कुठं पाठवली याची नोंद वहीच्या मागच्या पानावर, कारण उत्तर यायला महिने लागतात आणि कितीतरी ठिकाणांहून ते येतच नाही. नाहीच आलं तर दिवाळीनंतर तीच कविता पुढच्या ठिकाणी पाठवायला तुम्ही मोकळे.